पेटीवाल्या हाताला सिंथेसायझर: इंदूरच्या एका सुगम संगीत वर्गाची मिडी जुळवणी

पार्श्वभूमी

इंदूरच्या राजेंद्रनगर भागात एका घराच्या वरच्या मजल्यावर सुगम संगीताचा वर्ग चालतो. शिकवणाऱ्या ताई, पेटीची साथ करणारे काका आणि इंजिनिअरिंगला असलेला ताईंचा भाचा ही या प्रकरणातली मुख्य माणसं. त्यांची नावं इथे दिलेली नाहीत. मला त्यांनी बोलावलं ते वायरी जोडायला. शेवटी वायरींपेक्षा जास्त वेळ काकांच्या हातांचा विचार करण्यातच गेला, आणि हे सविस्तर लिहावंसं वाटलं ते त्यामुळेच.

वर्गाची गरज साधी होती. गणेशोत्सवात कॉलनीच्या मांडवात भावगीतं, भक्तिगीतं आणि दोन नाट्यगीतं व्हायची होती. तबलजी फक्त रविवारी यायचे, त्यामुळे मुली आठवडाभर घरी सुराशिवाय आणि ठेक्याशिवाय सराव करायच्या. प्रत्येकीला तिच्या पट्टीत (म्हणजे ती ज्या सुराला 'सा' धरून गाते त्यात), तिला झेपेल त्या लयीत वाजणारा सरावाचा ट्रॅक हवा होता. कोणी काळी चारमध्ये गाते, कोणी पांढरी पाचमध्ये, आणि एका मुलाला पांढरी दोनच सोयीची. तयार कराओके इथे कामाचं नाही, कारण त्यात पट्टी ओढूनताणून बदलली की वाद्यांचे आवाज बिघडतात.

नात्यातल्या एकांनी त्यांचा जुना सिंथेसायझर, म्हणजे निरनिराळ्या वाद्यांचे आवाज काढणारा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड, वर्गाला देऊन टाकला होता. एकसष्ट पट्ट्या, मागे इन, आउट आणि थ्रू अशी पाच पिनांची तीन सॉकेटं, बाजूला फ्लॉपीचा खाचा. यूएसबीचं नावही नाही. आवाज मात्र अजून सुंदर होते: व्हायोलिनसमूह, बासरी, आणि एका संचात तबल्याचे बोलही.

एवढं जुनं यंत्र आजच्या लॅपटॉपशी बोलेल का, हा ताईंचा पहिला प्रश्न. बोलतं. मिडी ही इलेक्ट्रॉनिक वाद्यांची आणि संगणकांची एकमेकांशी बोलायची भाषा, आणि हे मानक १९८३ चं. त्या वर्षी जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड एका केबलने जोडून दाखवले होते. ती भाषा अजून तीच आहे. केबलमधून आवाज जातच नाही, जातात ते फक्त निरोप: कुठली पट्टी दाबली, किती जोराने, केव्हा सोडली. म्हणूनच एकदा वाजवलेलं गाणं नंतर कुठल्याही पट्टीत, कुठल्याही लयीत वाजवून घेता येतं. वर्गाला हवं होतं ते नेमकं हेच.

अडचण

मी गेलो तेव्हा तक्रारींचा ढीग होता आणि सगळ्या एकमेकींत मिसळलेल्या होत्या. सूर नाकात बोलल्यासारखा, पोकळ येतो. मोठी संगती, म्हणजे एकदम बरेच सूर, वाजवली की आधीचे सूर मध्येच तुटतात. कधीकधी एखादा सूर अडकतो आणि बंदच होत नाही. बासरी, व्हायोलिन आणि बेस वेगवेगळे रेकॉर्ड केले तरी परत वाजवताना तिन्ही बासरीच होतात. ठेका यंत्रासारखा वाजतो. आणि काकांचं गाऱ्हाणं वेगळंच होतं: "मी हळू वाजवलं की हे जोरात वाजतं, जोरात वाजवलं की हळू."

भाच्याचा संशय केबलवर. काकांच्या मते यंत्रच गेलेलं. ताईंना वाटत होतं की हे सगळं सोडून महिनाभरासाठी एखादा वादक ठरवावा.

मी तक्रारींच्या दोन याद्या केल्या. एकीत निरोप कुठून कुठे जातो याच्या तक्रारी, दुसरीत निरोप काय आहे याच्या. पोकळ सूर, तुटणारे सूर, अडकणारे सूर आणि सगळं बासरीतच वाजणं या पहिलीत गेल्या. काकांचं गाऱ्हाणं आणि यांत्रिक ठेका दुसरीत. एकदा अशी वाटणी झाली की निम्मा गोंधळ आपोआप निवळतो, आणि कुठल्याही मिडी जुळवणीत मी हीच पायरी पहिली घेईन.

पर्याय

वादक ठरवण्याचा ताईंचा पर्याय चुकीचा नव्हता. फक्त वादक रोज सात घरी सरावाला जाऊ शकत नाही. त्यामुळे मंचावर माणूस आणि सरावाला यंत्र, हे तिथेच ठरलं.

सिंथेसायझरमध्ये स्वतःचा सिक्वेन्सर, म्हणजे मिडीचे निरोप नोंदवून परत वाजवणारी सोय, होता. लॅपटॉपची गरजच नाही म्हणून काकांना तो पसंत होता. पण दोन ओळींच्या पडद्यावर एकेक सूर शोधून दुरुस्त करायचा आणि काम फ्लॉपीवर जपायचं. फ्लॉपीच्या भरवशावर एका वर्गाची वर्षभराची मेहनत ठेवणं मला पटलं नाही.

भाच्याला हवा होता तिसरा मार्ग: सिंथेसायझर नुसता पट्ट्यांपुरता, सगळे आवाज लॅपटॉपमधून. हा आम्ही खरंच करून पाहिला. लॅपटॉप जुना, मेमरी चार जीबी. बफर, म्हणजे लॅपटॉप आवाजाचा जो तुकडा आधी तयार करून मग वाजवतो तो, ५१२ सँपलचा ठेवला तर सेकंदाला ४४,१०० सँपलच्या दराने त्या एका बफरलाच जवळपास बारा मिलिसेकंद लागतात, वर बाकीचा उशीर वेगळा. बफर कमी केला की आवाज फुटायचा. काकांनी दोन ओळी वाजवल्या आणि हात उचलला. "सूर मागून येतोय." चाळीस वर्षं पेटी वाजवणाऱ्या बोटांना तो उशीर कळतो, आणि तो सोसून घ्या असं त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता.

राहिला चौथा मार्ग. रेकॉर्डिंग आणि दुरुस्ती लॅपटॉपवर, आवाज सिंथेसायझरचेच. मिडीत एका सुराचा निरोप तीन बाइटचा, आणि सेकंदाला ३१,२५० बिटच्या वेगाने तो साधारण एक मिलिसेकंदात पोचतो. लॅपटॉपला आवाज तयारच करायचा नसल्यामुळे जुना लॅपटॉपही पुरतो. हा मार्ग घेतला.

काय केलं

*केबल आणि निरोपांचा रस्ता*

काकांच्या कपाटातून निघालेली पाच पिनांची केबल जुन्या टेपरेकॉर्डरची होती. खोबणीत चपखल बसते, पण आतली जोडणी मिडीला हवी तशी नव्हती. मिडीला चार नंबरची पिन चारला, पाचची पाचला, आणि दोन नंबरवर वायरीवरचं जाळीचं आवरण एवढंच लागतं. महाराणी रोडवरच्या एका कारागिराने तशी केबल डोळ्यांदेखत जोडून दिली.

सूर अडकायचे ते मात्र स्वस्तातल्या यूएसबी-मिडी वायरीमुळे. पट्टी सोडल्याचा निरोप वाटेत हरवला की सिंथेसायझरच्या लेखी ती पट्टी दाबलेलीच राहते. भाच्याच्या मित्राकडून चांगला इंटरफेस, म्हणजे मिडी आणि यूएसबी जोडणारी डबी, आणून लावला आणि तेच गाणं वाजवलं. एकही सूर अडकला नाही. या वायरींवर 'इन' आणि 'आउट' लिहिलेलं असतं त्यातही पहिल्यांदा जोडणारा हमखास गोंधळतो. सिंथेसायझरच्या आउटमधून निघालेली वायर इंटरफेसच्या इनमध्ये जायला हवी. काही वायरींवर मात्र टोक कुठे खुपसायचं ते लिहिलेलं असतं, काहींवर ते टोक स्वतः काय आहे ते. लिहिलेल्यावर विसंबू नये. पट्टी दाबून सॉफ्टवेअरमधला दिवा लागतो का ते पाहावं.

पोकळ सुराचं मूळ दुसरीकडे होतं. काका पट्टी दाबत, ती आतल्या आत सिंथेसायझरचा आवाज वाजवी. तोच निरोप लॅपटॉपकडे जाई, आणि लॅपटॉप तो परत सिंथेसायझरकडे पाठवी. म्हणजे प्रत्येक सूर दोनदा, अगदी थोड्या अंतराने. दोन सारखे आवाज असे एकमेकांवर चढले की पोकळ ऐकू येतात. शिवाय यंत्राला एका वेळी चौसष्टच सूर वाजवता येत होते आणि त्यातले निम्मे असे वाया जात होते. मोठ्या संगतीत सूर तुटायचे ते यामुळेच.

उपाय म्हणजे लोकल कंट्रोल बंद करणं. पट्ट्या आणि आतला आवाज यांचा थेट संबंध तुटतो, आणि पट्टीचा निरोप लॅपटॉपला वळसा घालूनच परत येतो. दुसरा रस्ता होता लोकल चालू ठेवून लॅपटॉपचा परतीचा निरोप थांबवण्याचा. एकच वाद्य वाजवणाऱ्याला तो पुरतो. इथे काका पट्ट्यांवरून एका चॅनलवर (मिडीत एकाच केबलमधून प्रत्येक वाद्याचे निरोप वेगळे ठेवणाऱ्या सोळा क्रमांकांपैकी एकावर) वाजवणार आणि त्यांना ऐकू यायला हवी तिसऱ्या चॅनलवरची बासरी. ते लोकल बंद केल्याशिवाय जमत नाही.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी काका रियाजाला बसले, लॅपटॉप बंद, आणि यंत्रातून हूं की चूं नाही. फोन आला: "अहो, हे तर पारच मुकं झालं." लोकल बंद ठेवायचं आणि रोज मेन्यूत जाऊन चालू करायचं हे काकांच्या माथी मारणं चूक होतं. म्हणून भाच्याने प्रत्येक गाण्याच्या फाइलच्या सुरुवातीला लोकल बंद करणारा निरोप घातला, म्हणजे कंट्रोल क्रमांक १२२, किंमत शून्य. या यंत्रात बंद करून चालू केलं की लोकल आपोआप पूर्ववत होतं. काकांसाठी नियम एवढाच उरला: एकट्याने वाजवायचं असेल तर स्विच एकदा बंद करून चालू करा.

सगळं बासरीतच वाजण्याचं कारण चुटकीसरशी सापडलं. यंत्र एका आवाजाच्या मोडमध्ये होतं आणि त्या मोडमध्ये ते एकाच चॅनलचं ऐकतं. सोळा चॅनलांच्या मल्टी मोडमध्ये नेल्यावर प्रत्येक ट्रॅकला आपापलं वाद्य मिळालं.

*काकांचे हात*

इथे मी सगळ्यात जास्त वेळ दिला, आणि तो सार्थकी लागला.

पेटीत पट्टी किती जोराने मारली याचा आवाज लहान की मोठा याच्याशी संबंध नसतो. जोर भात्यात, म्हणजे डाव्या हातात. उजवा हात नुसता चालतो, आणि वर्षानुवर्षं तो असाच चालत आला आहे. सिंथेसायझर नेमकं उलटं मानतो: पट्टीवरचा आघात म्हणजे जोर. काकांची एक ओळ रेकॉर्ड करून व्हेलॉसिटीचे, म्हणजे आघाताच्या जोराचे, आकडे पाहिले तर ते पस्तीसपासून एकशे दहापर्यंत विखुरलेले, आणि त्या चढउताराचा गाण्याच्या भावाशी काडीचाही मेळ नाही. त्यांच्या मनातला चढउतार डाव्या हातात होता, आणि डाव्या हाताला इथे कामच नव्हतं.

भाचा म्हणाला, "काका, तुम्ही आघात सांभाळायची सवय करा." मी विरोध केला. सहा आठवड्यांत ही सवय होत नाही, आणि झाली तरी पेटीवरचा हात बिघडतो. यंत्र त्यांच्याकडे वळवायचं ठरलं.

पेटी, ऑर्गन, व्हायोलिन, बासरी या आवाजांसाठी व्हेलॉसिटी नव्वदवर पक्की केली. कितीही जोराने मारा, सारखाच सूर. मग भात्याच्या जागी काय? एक्स्प्रेशन पेडल लावून पाहिलं, पण पाय ताल धरायला लागायचा आणि आवाज तालावर वरखाली व्हायचा. शेवटी डावीकडचं मॉड्युलेशनचं चाक घेतलं. ते कंट्रोल क्रमांक एकचे निरोप पाठवतं. सिक्वेन्सरमध्ये आत येतानाच ते क्रमांक अकराचे, म्हणजे एक्स्प्रेशनचे, करून टाकले. आता डाव्या हाताने चाक वर लोटलं की सूर भरतो, मागे घेतलं की विरतो. क्रमांक सात, म्हणजे एकूण व्हॉल्यूम, वाद्यांचा आपसातला तोल ठरवण्यासाठी राखून ठेवला आणि त्याला मध्ये हात लावला नाही. हे दोन वेगळे ठेवणं फार महत्त्वाचं. नाहीतर एक ओळ दुरुस्त करायला जावं आणि सगळा तोल ढळावा.

काकांनी त्या चाकावर पहिला अंतरा वाजवला तेव्हा ध्रुवपदाकडे परत येताना त्यांनी सूर जो अलगद सोडला, तो त्या यंत्रातून त्याआधी कधीच आला नव्हता. ताई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

आणखी एक गोष्ट. काका पट्टी दाबून धरत ती तळाशी जोर लावून. पेटीवर त्याने काही होत नाही. इथे तो आफ्टरटच, म्हणजे दाबलेल्या पट्टीवरचा जादा दाब, ठरायचा, लांब सुरांना नको तिथे थरथर यायची आणि निरोपांचा नुसता पूर लोटायचा. सिस्टिम मेन्यूत आफ्टरटच बंद केल्यावर फाइलीही हलक्या झाल्या.

मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, पिच बेंडने, म्हणजे सूर वरखाली ओढणाऱ्या निरोपाने, घेतली. पिच बेंड त्या चॅनलवरच्या सगळ्या सुरांना एकदम ओढतो, त्यामुळे मुख्य चालीचा चॅनल स्वतंत्र ठेवावा लागला. गाणं मींडेच्या मध्येच थांबवलं तर पुढचं गाणं बेसूर सुरू व्हायचं. म्हणून प्रत्येक फाइलच्या आरंभी बेंड मध्यावर आणणारा निरोप टाकला.

*ठेका*

भाच्याने केरव्याचे सगळे बोल ग्रिडवर शंभर टक्के क्वांटाइझ केले होते, म्हणजे समान अंतराच्या रेघांवर तंतोतंत नेऊन बसवले होते. काका म्हणाले, "ताल बरोबर आहे, पण चालत नाही." बरोबर होतं त्यांचं. आठ मात्रा मोजून समान अंतरावर ठेवल्या की केरवा होतो असं नाही. कुठला बोल किंचित रेंगाळतो यातच त्याची चाल असते. मग क्वांटाइझ काढून टाकलं. तबलजींना एका रविवारी पट्ट्यांवरच बोल वाजवायला लावले. सम (तालाची पहिली मात्रा) आणि खाली (टाळी नसलेली मात्रा) तेवढ्या घट्ट केल्या, बाकीचे बोल निम्म्यानेच ग्रिडकडे सरकवले.

लयीचा निर्णय अवघड होता. क्लिक, म्हणजे सॉफ्टवेअरची ठरावीक टिकटिक, लावून वाजवलं तर दुरुस्ती सोपी, पण भावगीत क्लिकवर गुदमरतं. अंतऱ्याच्या शेवटी लय जराशी सैल होते आणि ध्रुवपदाला ती पुन्हा धरली जाते. आम्ही काकांना मोकळं वाजवू दिलं आणि नंतर प्रत्येक समेवर मात्रेची रेघ आणून बसवली, म्हणजे टेम्पोचा नकाशा काकांच्या वाजवण्यातून काढला. वेळ खाणारं काम, पण त्यानंतर तेच गाणं दहा टक्के संथ केलं तरी त्यातलं सैल होणं आणि धरणं जागच्या जागी राहिलं.

*पट्टी आणि सूर*

पट्टी बदलणं म्हणजे सगळे ट्रॅक निवडून हवे तेवढे स्वर वर किंवा खाली. पहिल्याच प्रयोगात धा धा राहिला नाही, भलताच बोल वाजू लागला. ठेक्याच्या चॅनलवर पट्टी म्हणजे सूर नसतो, बोल असतो. जनरल मिडीच्या रिवाजाप्रमाणे तो चॅनल दहावा. तो वगळूनच पट्टी बदलायची, हे आम्ही फाइलच्या नावातच लिहिलं.

वर्गातली पेटी सिंथेसायझरशी लावून पाहिली तर दोन्हींचा एकच सूर एकदम वाजवल्यावर सेकंदाला साधारण तीन ठोके ऐकू येत होते, म्हणजे पेटीचा पांढरी सहा ४४० हर्ट्झच्या जागी ४४३ च्या आसपास. पेटीचे सूर खरडून घेण्यापेक्षा सिंथेसायझरचं मास्टर ट्यूनिंग सुमारे बारा सेंटने (लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे शंभर सेंट) वर नेणं केव्हाही सोपं.

निष्पत्ती

प्रत्येक मुलीला तिच्या पट्टीतला ट्रॅक मोबाइलवर मिळाला. मांडवात तबलजी आणि काकांची पेटी प्रत्यक्ष होती. सिंथेसायझरचा ट्रॅक फक्त दोन गाण्यांना, व्हायोलिनसमूहासाठी, आणि तोही आधी ऑडिओ करून ठेवलेला. मंचावर लॅपटॉप आणि मिडी नको, हा आग्रह ताईंचा, आणि तो रास्त होता. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी एकीचा घसा बसला. एक स्वर खाली हवा होता. मिडी फाइल हाताशी असल्यामुळे गाणं पट्टी उतरवून एकदा पूर्ण वाजवून घेतलं की नवा ऑडिओ तयार.

एक गोष्ट मात्र मनासारखी झाली नाही. दोन मुली ट्रॅकवर इतक्या विसंबल्या होत्या की तबलजींनी तालमीत थोडी लग्गी, म्हणजे नेहमीचा ठेका सोडून जलद बोल, घेताच त्यांची सम हुकली. ताईंनी लगेच क्रम बदलला: आधी पूर्ण ट्रॅक, मग चालीचा चॅनल बंद, शेवटी ठेक्याचाही बंद आणि हाताने ताल. चॅनल वेगळे असल्याने हे एका बटणाचं काम होतं. पण ते आठवडाभर उशिरा सुचलं.

वेगळं काय करता आलं असतं

निरोपांचा रस्ता पहिल्या दिवशीच कागदावर काढायला हवा होता. पट्ट्या, लॅपटॉप आणि आतला आवाज असे तीन चौकोन आणि मध्ये बाण. दोन बाण एकाच चौकोनात शिरताना दिसले असते की सूर दोनदा वाजणार हे तिथेच कळलं असतं.

सूर जुळवणं ऑडिओ करण्याच्या आधी व्हायला हवं होतं. ते नंतर झालं, आणि तोवर मुलींना दिलेली चार गाणी पुन्हा करून द्यावी लागली. त्यातही जुन्या फाइली मोबाइलवर तशाच राहिल्या आणि एकजण शेवटपर्यंत जुन्याच ट्रॅकवर सराव करत होती. फाइलच्या नावात पट्टी होती, तारीख नव्हती.

आणि यंत्राच्या आतली बटनसेलसारखी बॅटरी. ती उतरली की लोकांनी मेहनतीने बसवलेले आवाज आणि मल्टीची मांडणी पुसली जाते. आमच्या यंत्राने कार्यक्रमानंतर बॅटरी संपत आल्याची सूचना दाखवली, सुदैवाने आधी नाही. तेव्हा सगळी मेमरी सिस्टिम एक्सक्लुझिव्ह निरोपांच्या (त्या यंत्राच्या स्वतःच्या मांडणीचे खास मिडी निरोप) रूपात लॅपटॉपवर उतरवून घेतली, एक प्रत ताईंच्या पेनड्राइव्हवर ठेवली, आणि मगच कारागिराकडून बॅटरी बदलून घेतली. मेमरी अपेक्षेप्रमाणे पुसली गेली आणि उतरवलेल्या फाइलीतून पुन्हा भरता आली. जुना सिंथेसायझर घरात आणणाऱ्याने हे काम पहिल्या आठवड्यातच उरकावं.

काकांनी आता दिवाळी पहाटेसाठी दोन नाट्यगीतं घेतली आहेत. त्यांचं म्हणणं आहे की चाकाला भात्याइतका दम नाही, मधल्या टप्प्यात ते फार लवकर भरतं. भाचा एक्स्प्रेशनचा वक्र बदलून पाहतो आहे: सुरुवातीला हळू, शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात जास्त.